‘ऊ. पा.’चा डबा

अप्पा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात.

थोडंथोडकं नाही, चाळीस वर्षं. आणि ते मला कळलं कधी, तर तुम्हाला मातीत बसवून आल्यावर तिसऱ्या दिवशी, तुमच्याच लातूरच्या स्वयंपाकघरात, तुमची बायको, आमच्या अक्का, लसूण सोलत बसल्या होत्या तेव्हा. आता मी भांडू कुणाशी? तुम्ही मांडी घालून, कपाळाला विभूती लावून, डोळे मिटून मोकळे झालात. मी नांदेडहून बस पकडून आले, रडले, बेलाची पानं टाकली. सगळं रीतसर केलं. आणि तीन दिवसांनी कळतं की ज्या माणसासाठी रडले, त्यानं मला एवढं मोठं फसवलं. डोकं फिरायचं नाही तर काय व्हायचं?

अक्का सहज म्हणाल्या, “गयाबाईच्या गावचं कोन आलं न्हाई गं?” मी म्हटलं, कुठली गयाबाई? तर म्हणाल्या, “ती खडीवरची. तिच्या मातीला ह्येच गेल्ते की. तू न्हवतीस व्हय त्या टायमाला?”

मी होते, अप्पा. मी होते म्हणून तर तुम्ही मला सांगितलंत की गयाबाई बरी आहे, सूज उतरली आहे, माहेरी गेली आहे. तुमच्या तोंडून आलेलं म्हणजे मोजून आलेलं, असं मी धरून चालले. साडेसहाचे सात तुम्ही कधी लिहिले नाहीत. एकदा एक पुढारी आपल्या मेव्हण्याला घेऊन आला, नोकरीसाठी तपासणी होती, लघवीत प्रोटीन उतरत होतं. “अप्पा, तेवढं निरंक लिवा की,” म्हणून दोन तास बसून राहिला. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “मी लिवतो निरंक. त्येच्या किडनीला तुमी सांगा.” पुढारी उठून गेला. मी त्या दिवशी आईला पत्र लिहिलं, मला चांगला माणूस भेटलाय वर काम शिकवायला. मला मेलीला काय माहीत, की हाच माणूस एक दिवस सरळ माझ्या तोंडावर खोटा रिपोर्ट देणार आहे.

आधीपासून सांगते. तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी ऐका. तुम्ही माझं कधी पूर्ण ऐकूनच घेतलं नाहीत, आता कुठं जाताय?

मी अर्धापूरची, नवी कोरी, लॅबचा कोर्स करून आलेली, बाविसाव्या वर्षी लातूरला त्या ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यात लागले. तुम्ही तिथल्या लॅबचे जुने, उदगीरकडचे, मन्मथअप्पा. लातूर जिल्हा होऊन दुसरं वर्ष लागलं होतं आणि गावाला नुसता चेव चढला होता. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ खोडून तिथं ‘जिल्हा लातूर’ रंगवायला पेंटर मिळत नव्हते. आपल्या रिपोर्टचे कागद जुनेच छापलेले. रोज सकाळी आल्या आल्या तुम्ही पन्नासेक कागद घ्यायचात आणि प्रत्येकावर पट्टी लावून जुना जिल्हा एका रेघेनं खोडून वर नवा लिहायचात, शुद्धलेखनाची वही असावी तसा. मी म्हटलं, शिक्का करून घ्या की अप्पा. तर म्हणे, “शिक्क्यानं रेघ सरळ येत न्हाई माय.”

एकीकडं हे कौतुक आणि दुसरीकडं पाण्याचा ठणठणाट. पाऊस सलग रुसलेला. दिवसाआड टँकर. आणि आपल्या लॅबला तर साधं पाणी चालत नाही. नळाच्या, बोअरच्या पाण्यात क्षार. त्याची वाफ करून, ती थंड करून पुन्हा पाणी करायचं, तेव्हा ते चाचणीला चालणार. ती वाफ थंड करायला पुन्हा वेगळं पाणी वाहतं ठेवावं लागतं. एक लिटर चोख पाण्यासाठी दहा लिटर वाहून जायचं. तुम्हाला ते बघवत नव्हतं. मोरीतून नळी बाहेर काढून तुम्ही मागच्या भिंतीला सोडलीत. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या, कोमट पाणी भरून न्यायच्या. “दवाखान्याचं पानी हाय, औषधी हाय,” असं एक म्हातारी सगळ्यांना सांगायची आणि तुम्ही हसून हसून खोकत बसायचात.

त्याच दिवसांत दवाखान्याच्या बाईडॉक्टरनी हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायांची तपासणी सुरू केली. पाय सुजलेल्या, तोंड सुजलेल्या बाया. बघणाऱ्याला वाटावं, बरं खाऊनपिऊन आहेत. ते अंगावर धरलेलं पाणी होतं. रक्तातलं प्रोटीन कमी झालं की पाणी रक्तात थांबत नाही, अंगात उतरतं. बाईडॉक्टरांनी भांडून एक सोय करून घेतली होती. ज्या बाईचं प्रोटीन सहाच्या खाली, तिला हलक्या कामाची चिठ्ठी आणि घरी न्यायला सुकडीचं, त्या पौष्टिक पिठाचं, जास्तीचं पाकीट. सहाच्या वर असेल तर काही नाही, परत खडीवर. म्हणजे तो आकडा आपण काढायचा, आणि त्या आकड्यावर बाईनं सावलीत बसायचं की उन्हात घण मारायचा ते ठरणार. तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगितलंत, “पॉइंटाच्या म्होरला आकडाबी नीट वाच. त्येच्यावर एकीची भाकर हाय.”

आपली तपासणी साधी. रक्त साकळलं की वर येणारं पिवळं पाणी घ्यायचं, ते मिठाच्या पाण्यानं पातळ करायचं, त्यात निळं औषध घालायचं. प्रोटीन असेल तसा जांभळा रंग चढतो. यंत्र त्यातून उजेड सोडून रंग किती गडद ते सांगतं, आणि भिंतीवर तुम्ही हातानं काढून लावलेल्या आलेखावरून आपण आकडा काढायचा. ज्यातलं प्रोटीन आधीच मोजलेलं असतं ते प्रमाण द्रावण महाग, रोज लावायला परवडायचं नाही, म्हणून तो आलेखच आपला देव. त्या जांभळ्या रंगाकडं बघून तुम्ही कधीकधी चालू व्हायचात. की प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लं एकापुढं एक ओवलेली, आणि त्यातलं लायसिन म्हणून एक असतं ते ज्वारीत कमी, डाळीत भरपूर. म्हणून आपल्या बाया भाकरीबरोबर वरण करत आल्या, त्यांना कुणी रसायनशास्त्र शिकवलं होतं का? “आता वरन गेलं. भाकर आन् मिरची राहिली. मग सूज न्हाई येनार तर काय येनार?” मी म्हणायची, अप्पा, आमच्या अर्धापूरला या, केळी खा, सूज बीज काही येत नाही. “तुझ्या केळीत काय हाय? नुसती साखर. केळी खाऊन तुझी अक्कल बग कशी गोड झालीय.” हे भांडण अजून मिटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता डब्याचं.

आपल्याकडं दोन मोठे डबे होते, टोपण लावलेले, तोटीचे. एकात चाचणीचं चोख पाणी. त्यावर इंग्रजीत ‘डी. डब्ल्यू.’ लिहिलेलं. दुसऱ्यात उकळलेलं पाणी, आपल्याला आणि पेशंटांना प्यायला. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. नवा जिल्हा झाल्याचा चेव तुमच्या डोक्यात तेव्हा कुठपर्यंत गेला होता बघा. “सगळी लॅब मराठीत करू,” म्हणालात. पेंटरकडून डबीभर तांबडा रंग आणला. बाटल्या, कपाटं, खोके, दिसेल त्याला रंगवत सुटलात. आणि त्या चोख पाण्याच्या डब्यावर काय लिहिलंत? ‘ऊ. पा.’ 

ऊर्ध्वपातित पाणी. लातुरात तेव्हा हा शब्द माहीत असणारी माणसं किती होती अप्पा? तुम्ही एकटे! माझ्या कोर्सला तो शब्द नव्हता, आम्ही डिस्टिल वॉटरच म्हणायचो. आणि संध्याकाळी रंग ओला असतानाच वडील आजारी म्हणून तुम्ही उदगीरची गाडी पकडलीत. जाता जाता मला सांगितलंत काय, तर “रंगाला हात लावू नको.” बस. दोन शब्द सांगून गेला असतात की हा ऊ म्हणजे अमुक, तर तुमच्या तोंडाची वाफ गेली असती का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पातेलंभर पाणी उकळून निववून ठेवलेलं. डबा अर्ध्याहून रिकामा. वर तांबडं, ठसठशीत, ऊ. पा. मी वाचलं, उकळलेलं पाणी. वाटलं, बरं झालं, अप्पांनी प्यायच्या डब्यावर नाव टाकलं. आणि पातेलं उचलून सगळं त्यात ओतलं. अगदी मनापासून, मदत म्हणून. बोअरचं पाणी उकळलं तरी क्षार कुठं जातात? मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला डबा माहीत नव्हता, चोख पाणी तोवर तुम्ही आणि मावशीच काढून द्यायचात.

ऊ दीर्घ होता, म्हणाल तुम्ही. हो, होता. ऱ्हस्व असता तर उकळलेलं, दीर्घ म्हणजे ऊर्ध्व. माणसाचा जीव तुम्ही ऱ्हस्व-दीर्घावर टांगलात आणि वर मलाच शुद्धलेखन शिकवा.

तपासणीच्या पाण्याची बाटली मावशी सवयीनं त्याच डब्यातून भरून द्यायच्या, आणि मी तीन दिवस त्यात मीठ विरघळवून तपासण्या केल्या. त्या निळ्या औषधात ते क्षार गेले की बारीक गढूळपणा येतो, सहजी डोळ्याला न दिसणारा. यंत्राला काय कळतंय? उजेड अडला की त्याला वाटतं रंग गडद आहे. आणि ज्या कोऱ्या नळीशी तुलना करायची, ती मी तुमच्या टेबलावरच्या पिचकारीच्या बाटलीतून भरत होते, तिच्यात जुनं चोख पाणी. कोरी नळी स्वच्छ, बायांच्या नळ्या गढूळ. सगळ्यांचे आकडे वर. सहा पूर्णांक तीन, सहा पूर्णांक पाच. मला तर आनंदच झाला. वाटलं, बायांची तब्येत सुधारली, सुकडीचा गुण आला.

चौथ्या दिवशी तुम्ही आलात, चप्पल काढायच्या आधी रजिस्टर उघडलंत आणि उभ्या उभ्या वाचत राहिलात. मग म्हणालात, “दुष्काळात आख्खा जिल्हा पैलवान झाला का गं?” मी हसले. तुम्ही नाही हसलात. एक नळी घेऊन खिडकीशी गेलात, उजेडात धरलीत, हलवलीत. मग डब्याची तोटी सोडून थोडं पाणी काचेच्या नळीत घेतलंत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकलेत. चोख पाण्यात काहीच होत नाही. ह्यात दूध सांडल्यासारखं पांढरं झालं.

तुम्ही डब्याकडं बघितलंत, मग तुम्हीच रंगवलेल्या अक्षरांकडं. मावशी दारात होत्या, मी टेबलापाशी. आत्ता विचारतील, आत्ता विचारतील. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं अप्पा, शपथेवर सांगते. तुम्ही काय केलंत? नळी ठेवलीत आणि म्हणालात, “डबा मी धुतलाच न्हाई नीट. माझंच चुकलं.”

आणि मी मूग गिळून उभी राहिले. बावीस वर्षांची होते, दोन महिन्यांची नोकरी, घरी धाकटी दोन भावंडं. ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही.

तुम्हाला कळलं होतं की मी भरलं. दुपारी तुम्ही डब्यावरचा रंग रॉकेलनं खरवडून काढलात आणि पूर्ण लिहिलंत: ऊर्ध्वपातित पाणी. त्याच्याखाली, लहान अक्षरात: भरू नये. ‘पिऊ नये’ नव्हे, ‘भरू नये’. ते कुणासाठी होतं? मावशींना वाचता येत नव्हतं! 

फ्रीजमध्ये सगळ्या बायांच्या रक्ताचं पिवळं पाणी बूच लावून ठेवलेलं होतं, ती तुमची शिस्त. त्याच दिवशी आपण दोघांनी बसून, नवं पाणी काढून, सगळ्या तपासण्या परत केल्या. निम्म्याहून जास्त बाया सहाच्या खाली आल्या. गयाबाई आधी सहा पूर्णांक दोन होती, ती चार पूर्णांक नऊ निघाली. तुम्ही तो आकडा तीनदा बघितलात. कामावरच्या मुकादमाला निरोप गेले, बाया एकेक करून परत आल्या, चिठ्ठ्या घेऊन गेल्या. सगळ्या आल्या. गयाबाई तेवढी आली नाही.

तुम्ही रविवारी एसटीनं औशाच्या पुढं तिच्या गावाला गेलात. मी येते म्हटलं तर खेकसलात, “तुझं काय काम?” सोमवारी सकाळी पट्टी घेऊन कागदांवर रेघा मारत होतात. मी विचारलं. वर न बघता म्हणालात, “बरी हाय. सूज उतरली म्हने. माहेरी गेलीय पोरीला घिऊन.” त्या दिवशी मी पोटभर जेवले. इतके दिवस घास उतरत नव्हता.

पुढं माझं लग्न झालं, मी नांदेडला आले, तिथल्या लॅबमध्ये लागले, निवृत्तही झाले. जे शिकवलंत ते सगळं वापरलं. दंडाला पट्टा जास्त वेळ बांधू नका, प्रोटीन खोटं वाढतं, हे मी शंभर पोरापोरींना तुमच्याच शब्दांत सांगितलं. शंका आली की नळी खिडकीशी धरायची, हे आपोआप होतं. आता यंत्रं आपलं आपण सगळं करतात, तरी मी धरायची. पोरं हसायची. तेवढे तुमचे माझ्यावर उपकारच आहेत आणि ते मी नाकारत नाही. उदगीरच्या घरी आजारी वडलांपाशी रात्री काढून आलेला माणूस पहाटेच्या गाडीनं उतरतो आणि चप्पल काढायच्या आधी रजिस्टर बघतो, असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

दर दिवाळीला फोन. दर वेळी ठरवायची, आज सांगायचं, अप्पा, तो डबा मी भरला होता. आणि दर वेळी तुम्ही सुरुवातीलाच, “काय म्हनतीय तुझी केळी?” म्हणून हसायचात आणि माझं राहून जायचं. मी मनाशी म्हणायची, जाऊ दे, कुणाचं काही वाईट तर झालं नाही ना. गयाबाई बरी झाली. हे वाक्य मी चाळीस वर्षं उशाशी घेऊन झोपले. तुम्ही दिलेलं वाक्य!

तुम्हाला वाटलं असेल, पोरगी कोवळी आहे, मोडून पडेल. कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझी दया करायला? पुढाऱ्याच्या मेव्हण्याला खरं सांगायची छाती होती, मला सांगायची नव्हती? मी रडले असते, महिनाभर रडले असते, कदाचित नोकरी सोडली असती. पण ते माझं रडणं असतं. आणि तुम्ही एकटेच ते ओझं घेऊन बसलात, आणि अक्कांना सांगितलंत, आणि मला नाही. गयाबाई गेल्याचं अक्कांना माहीत होतं, अप्पा. दर दिवाळीला मी फोनवर दात काढत होते आणि पलीकडं दोघांनाही माहीत होतं. किती संताप होतो सांगू? लसणाची पाकळी हातात धरून मी अर्धा तास नुसती बसले. अक्का घाबरल्या.

त्यांना अर्धंच ठाऊक होतं. तुम्ही पोचलात तेव्हा माती चालू होती, आणि बाई कशी गेली, एवढं. रिपोर्ट बरा आला म्हणून मुकादमानं तिला परत घणावर लावलं होतं, आणि बाई खडीच्या ढिगावरच पडली. चिठ्ठी मिळाली असती, सुकडी मिळाली असती, तर वाचली असती का? तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ते कोणतं यंत्र सांगत नाही. खरंय. तिचं काळीज आधीच थकलेलं असेल. पण निदान सावलीत बसून गेली असती.

म्हणून परवाच्या रविवारी मी गेले. तुम्ही गेलात तसंच, एसटीनं, औशाच्या पुढं. गावात विचारत गेले. गयाबाईची लेक कौसाबाई त्याच गावात दिली आहे. आता पन्नाशीची. अंगणात तूर वाळत घातली होती, ती पायानं पसरत होती. मी नांदेडहून आले म्हटल्यावर तिला वाटलं कुठल्या योजनेची बाई.

मी म्हटलं, तुमच्या आईच्या रक्ताची तपासणी मी केली होती. ती थांबली. म्हणाली, “ती तर त्या अप्पानं केल्ती.”

तुम्ही त्यांना सांगून आला होतात. त्याच दिवशी, भर मातीत. मला हे अक्कांनीसुद्धा सांगितलं नव्हतं, तुम्ही त्यांनाही सांगितलं नसणार. कौसाबाई आठ वर्षांची होती, तिला सगळं आठवतं. “मानसं पांगायच्या आत हात जोडून हुबा राहिला. म्हनला, रिपोट चुकला, चूक माझी हाय, माझं नाव मन्मथ. सगळं नाव सांगितलं, गावबी सांगितलं. आज्जीनं पायातली चप्पल काढून हानली त्येला. तरी हालला न्हाई.”

मी विचारलं, मग?

“मंग काय. आज्जी मरस्तोवर दर पितराला घास टाकायची आन् त्येच्या नावानं शिव्या द्यायची. आधी मायीचा घास, मंग त्येच्या शिव्या. आज्जी गेली तवापासून मी देते.” आणि जरा ओशाळून म्हणाली, “आता इतक्या वर्सानं राग न्हाई येवढा. सवय लागलीय.”

अप्पा, चाळीस पितृपक्ष! दर वर्षी त्या पोरक्या घरात तुमचं नाव घेऊन शिव्या, आणि तुम्ही लातुरात बसून मला फोनवर केळीचं विचारत होतात. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत, माझ्या वाटणीचंसुद्धा. मोठेपणा म्हणायचा का हा? मला तो चोरी वाटतो. माझी चूक होती ती, माझ्या हातानं झालेली. तिच्यावर माझा हक्क होता.

मी कौसाबाईला म्हटलं, ते वारले. पंधरा दिवस झाले. खाली वाकून तुरीतला एक खडा वेचून तिनं लांब फेकला.

मग मी सगळं सांगितलं. डबा, रंग, पातेलं, तुम्ही गावाला गेला होतात ते, मी भरलं ते, मी बोलले नाही ते. तिला क्षार आणि गढूळपणा किती कळला माहीत नाही, पण पाणी कुणी ओतलं ते कळलं. मी हात जोडले.

ती म्हणाली, “म्हंजी त्यो मानूस न्हवताच?”

नव्हता, मी म्हटलं.

“आन् आमी इतके दिवस...” तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता चप्पल काढेल, आणि खरं सांगू का, काढली असती तर बरं वाटलं असतं. तिनं काढली नाही. तोंड पुसलं आणि विचारलं, “तुमचं नाव काय म्हनला?”

मी सांगितलं, शकुंतला. ती म्हणाली, असं नव्हं, सगळं सांगा. मी वडलांचं सांगितलं, माहेरचं आडनाव सांगितलं, गाव अर्धापूर सांगितलं. तिनं ते सावकाश, मोठ्यानं, दोनदा म्हणून बघितलं.